पहिला ग्लास मी प्यायले

"टाकी सांडा," तात्या म्हणाले. "समदी."

ते ओरडले नाहीत. आपल्या खळ्यात खुर्चीत बसून, बैल सोडा म्हणावं तसं म्हणाले. त्यांच्या पुतण्याने सगळे नळ उघडले. पाणी फरशीवरून वाहत गोठ्याच्या नालीत गेलं. पूर ओसरून गेलेलं गाव. विहिरीत मेलेली जनावरं. घरोघर जुलाब. आणि टाकीभर स्वच्छ पाणी शेणात चाललेलं. मी हातात रिकामा ग्लास धरून उभी होते. कारण तो ग्लासच होता. टाकीतलं पहिलं पाणी त्यात घेऊन मी प्यायले होते.

"आमी जात-बीत काय मानत न्हाई बरं का," तात्या आमच्या संस्थेच्या सरांना म्हणाले. "कायदा हाय, आमाला ठाऊक हाय. पर घरात म्हातारी माणसं हायत. त्यांच्या मनाला शांती नको का? टाकी एकदा धुऊन घिऊ, मग भरा पुन्हा."

सर हसले. कसनुसे, पण हसले.

खळ्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, आमच्या मातंग वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात माझी आई होती. तिने पाणी वाहताना पाहिलं आणि मला पाहिलं. मग तिने मान खाली घातली.

आमचं गाव तलवाड्याहून थोडं आत, गोदावरीच्या अंगाला. मी इथलीच. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडे राहून शिकले. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. घरातली पहिली. जगात कुठं पूर आला, भूकंप झाला की धावून जाणारी एक परदेशी संस्था पुरानंतर जिल्ह्यात आली आणि तिला पाण्याचं काम समजणारी स्थानिक मुलं हवी होती. मला घेतलं. निळं जाकीट दिलं. त्या दिवशी मी रसायनशास्त्राच्या सरांच्या पाया पडायला अंबाजोगाईला गेले. संस्थेचे उपकार मी आजही मानते. तिथं मला पहिल्यांदा कुणी "तुमचं मत काय?" असं विचारलं होतं.

काम असं असतं. मशीन गढूळ पाणी ओढतं, आम्ही त्यात तुरटी आणि क्लोरीन टाकतो, मोठी रबरी टाकी भरते, टाकीला नळ असतात. पाण्याला औषधाचा वास येतो. लोक घाबरतात. म्हणून संस्थेचा नियम आहे की सुरुवातीच्या दिवशी पहिला ग्लास संस्थेच्या माणसाने गावासमोर प्यायचा. पाटोद्याकडच्या एका गावात मी असाच प्यायले होते, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथं माझं आडनाव कुणाला माहीत नव्हतं. मी फक्त निळ्या जाकिटातली मॅडम होते. इथं माझ्या आजोबांनाही लोक एकेरी नावाने हाक मारायचे.

दुसरा नियम असा की मशीन उंच आणि पक्क्या जागेवर बसवायचं. आमच्या गावात पुरात कोरडी राहिलेली तशी जागा एकच होती, तात्यांचं खळं. तात्यांनी ती आनंदाने दिली. संस्थेने त्यांना शाल दिली. आमची वस्ती ओढ्याच्या काठाला, सगळ्यात खाली. पाणी आधी आमच्या घरात शिरलं आणि शेवटी निघालं. उंच जागा नेहमी त्यांचीच का असते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

टाकी सांडल्यावर जीपमध्ये सर म्हणाले, "मॅडम, मलाही वाईट वाटलं. पण आपण इथं पाहुणे आहोत. त्यांनी जागा काढून घेतली तर सगळ्यांचंच पाणी जाईल. थोडं समजून घ्या."

मी म्हणाले, "हो सर."

मी घाबरले होते. उसाच्या टोळीत कुणाला घ्यायचं ते तात्यांचा पुतण्या ठरवतो. दसऱ्यानंतर आईबापाला टोळीत घेतलं नाही तर वर्षभर खायचं काय? आणि माझी नोकरी. ती गेली तर पुन्हा अशी कोण देणार? मी हो सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून नवी व्यवस्था झाली. नळांवर गाव. वस्तीसाठी गोठ्यामागून एक रबरी पाइप, भिंतीवरून पलीकडे सोडलेला. तो चालू-बंद करणार तात्यांचा गडी. मला मशीनमागे ताडपत्रीच्या आडोशाला बसवलं. तात्या सरांना म्हणाले होते, "पोरगी हुशार हाय, ऱ्हाऊ द्या. फकस्त म्होरं येऊ नगं."

मी ताडपत्रीमागे बसून औषध मोजायचे. सगळ्या गावाच्या पाण्यात माझा हात होता. माझ्या हाताने मिसळलेलं औषध चालत होतं. माझं तोंड चालत नव्हतं.

ताडपत्रीच्या फटीतून पुतण्याचे बूट दिसायचे. तो मुद्दाम तिथं येऊन उभा राहायचा. मोबाइलवर बोलता बोलता म्हणायचा, "शिकलीय म्हनं. आता मशीन चालवतीय. उद्या आमाला चालवंल." मित्र हसायचे. मी बाटलीचं झाकण लावून पुढचं माप घ्यायचे. डबा खायला मी बाहेर निघायचेच नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. पाण्याच्या कामावर बसून मी तहानलेली असायचे.

संस्थेच्या इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. परदेशातल्या, उन्हाने लाल झालेल्या, मनाने चांगल्या. त्यांनी पाइप पाहिला आणि सरांना इंग्रजीत विचारलं, हा वेगळा का? सर म्हणाले, ही इथली पद्धत आहे, त्या बायकांनाही तेच सोयीचं वाटतं. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, आपण स्थानिक पद्धतींचा आदर करतो.

मला इंग्रजी तेवढं समजतं. मी ताडपत्रीमागे बसून ते ऐकलं. बाहेर आले नाही. औषध मोजत राहिले.

मग आई पडली.

मी घरी गेले तेव्हा ती ओसरीवर आडवी होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. उलट्या, जुलाब. वस्तीत आणखी घरांतही तेच. मी विचारलं, "पाइपचं पाणी पिऊनसुद्धा?"

"कशाचा पाइप, बाय," आई म्हणाली. बोलायलाही तिला जड जात होतं. "गडी म्हनतो गुरं पाजायचीत, मंग सोडतो. सोडतच न्हाई. वड्याचंच आनलं."

"मला कावून नाही सांगितलं?"

"सांगून? तू भांडली अस्तीस. नौकरी गेली अस्ती तुजी." मग म्हणाली, "तुज्या मशिनीचं पानी माज्यापत्तुर आलंच न्हाई."

तिला रिक्षात घालून गेवराईच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते फार हलकं वाटत होतं. ती मरेल, असं मला सारखं वाटत होतं. मी पाणी स्वच्छ करते. माझी आई पाण्याने मरेल. मी ते शिकून आले होते आणि तिच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. मधे फक्त एक खळं होतं.

सलाईन लागलं. बाबा तिच्याजवळ थांबले. ती वाचली. ओढ्यालगतच्या घरातलं तान्हं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू केलं. टाकी भरली. टाकीखाली मोठी चावी असते. ती फिरवल्याशिवाय कुठल्याच नळाला पाणी येत नाही. मी ती फिरवली नाही. ताडपत्री बाजूला केली आणि चावीवर हात ठेवून पुढे उभी राहिले.

गावातल्या बाया घागरी घेऊन आल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं सोड की. उनं चढाया लागली."

"वस्तीच्या बाया याच नळाला घागर लावतील," मी म्हणाले. "मग सोडते."

एवढंच वाक्य मी दवाखान्यातून येताना रस्ताभर पाठ केलं होतं. तरी आवाज चिरका निघाला. कुणीतरी हसलं.

पुतण्या आला. "ए, ते जाकीट काढ आन् मंग बोल. जाकीट काढल्यावर कोन हायस तू?"

तात्या आले. त्यांनी मला पोरी म्हटलं. गोड बोलले. "पोरी, तुजी माय आजारी हाय म्हनं. तिला जप. घरी आली की दिवसभर एकटीच अस्ती ती." पुतण्याच्या शिवीला मी भ्याले नव्हते इतकी त्या गोड बोलण्याला भ्याले.

सरांचा फोन आला. "ताबडतोब चालू करा. हा आदेश आहे."

"सर, वस्तीला या नळाचं पाणी देऊ नका, असाही आदेश आहे का?"

फोन कट झाला.

मी रस्त्याकडे वळून तिथं जमलेल्या आमच्या बायांना हाक मारली. "या. लावा घागरी."

कुणी हललं नाही.

तो क्षण मी कधी विसरणार नाही. माझीच माणसं, माझ्या आणि स्वतःच्याही काळजीने, जागच्या जागी उभी. त्यांच्यावर मला राग आला नाही. कालपर्यंत मीही ताडपत्रीमागे अशीच बसत होते. मनात आलं, चावी फिरवावी, माफी मागावी, सगळं होतं तसं होऊ द्यावं.

तेवढ्यात ते तान्हं ज्या घरातलं गेलं, त्या घरातली शांताकाकू पुढे आली. ती रडत नव्हती. कुणाकडे पाहत नव्हती. पुतण्या तिच्या वाटेत उभा होता. ती त्याला वळसा घालून आली, मधल्या नळाखाली तिने घागर ठेवली आणि म्हणाली, "सोड."

मी चावी फिरवली.

गावातल्या बाया रिकाम्या घागरी उचलून निघून गेल्या. टाकी सांडायला या वेळी कुणी पुढे आलं नाही, कारण चावीपाशी मी उभी होते आणि काकूमागे आता वस्ती उभी होती. दुपारी त्यातल्या बऱ्याच बाया परत आल्या. आमच्याकडे न बघता पाणी भरून गेल्या. यात कुणाचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांना तहान लागली होती.

संध्याकाळी मला जाकीट जमा करायला सांगितलं. सर म्हणाले, तुमच्या सुरक्षेसाठीच. मशीनही दुसऱ्या गावाला हलवणार. इंजिनिअर बाईंनी मला जवळ घेतलं, त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी तुटक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, "मॅडम, ती पद्धत नव्हती. त्या पद्धतीने आमचं एक लेकरू गेलं." त्या म्हणाल्या, वरच्या ऑफिसला कळवते. कळवतील. त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. पण त्या विमानाने जातील आणि मी या ओढ्याच्या काठी राहणार आहे.

काल पुतण्याची गाडी वस्तीतून दोनदा हळूहळू गेली. काच खाली करून तो आमच्या दाराकडे बघत होता. बाबा म्हणतात, अंबाजोगाईला मावशीकडे जा. आई म्हणते, घर पेटवतील. पेटवतीलही. मला झोप लागत नाही. कुत्रं भुंकलं तरी मी उठून बसते.

तरी आज मी आणि शांताकाकू ठाण्यात जाणार आहोत. तक्रारीत मी तात्यांचं नाव सांगणार आहे, पुतण्याचं सांगणार आहे. आणि ज्यांनी मला नोकरी दिली, मॅडम म्हटलं, त्या सरांचंही सांगणार आहे. काय झालं ते विचारतील तेव्हा मान वर करून सांगेन. भीत भीत सांगेन, पण सगळं सांगेन, आणि खाली सही माझ्या पूर्ण नावाने, आडनावासकट करेन.