सुमंगलावहिनीचा दम

सुमंगलावहिनीला दमा नाही. कधी नव्हता. हे मी मुळगावात इतक्या जणांना सांगितलं आहे की माझंच तोंड दुखायला लागलं, तरी अजून बाजारात कोणी ना कोणी भेटतं आणि आवाज बारीक करून विचारतं, "वहिनीचा दमा कसा आहे गो?" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर पेडण्याकडचं, पार्से गावचं. चौदा वर्षं ती आमच्या महिला गटाच्या शेडमध्ये शाळेची भाजी करते. दोनशे मुलं पाव बुडवून खातात ती वाटाण्याची पातळ भाजी हिच्या हातची. भाऊ गेल्यापासून तिचं घर याच कामावर चालतं, आणि घर राहू दे, तिचा दिवसच त्यावर चालतो. आम्ही गटात पाच जणी. मी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून कांदे-बटाटे चिरते, वहिनी पहाटे साडेपाचपासून चुलीशी उभी.

उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या. आधी निळ्या रेघा, मग गाठी, मग घोट्यापाशी कातडी काळी पडली. गेल्या गणेश चवथीनंतर तिथे जखम झाली ती बरीच होईना. चढ चढताना धाप लागायची ती वेगळीच. सगळं साडीत झाकलेलं, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. शेवटी मीच तिला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखमेला पट्ट्या बांधल्या, पुढे घालायला घट्ट मोजे लिहून दिले आणि व्यायाम शिकवणाऱ्या सेजलबाईंकडे पाठवलं.

सेजलबाईंनी वहिनीच्या हातात प्लास्टिकची एक नळी ठेवली. आत स्प्रिंग. नळी तोंडात धरून जोराने श्वास आत ओढायचा, जमायला लागलं की स्प्रिंग आणखी घट्ट करायची. मला वाटलं, दुखतो पाय आणि ह्यांचं लक्ष तोंडाकडे. पण बाईंनी समजावून सांगितलं. पायातलं रक्त वर चढायला पोटऱ्यांचा जोर लागतो, तसा श्वासाचाही लागतो. छातीखालचा पडदा नीट खाली-वर झाला की रक्त वर यायला मदत होते. तो पडदा म्हणजेही स्नायूच, त्यालाही कसरत हवी. पट्ट्या-मोजे चुकवायचे नाहीत, पाय वर घेऊन बसायचं, आणि हे त्याच्या जोडीला. मग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं: 'दम वाढवण्याचा व्यायाम. दिवसातून दोनदा, तीस-तीस वेळा.'

संध्याकाळचे तीस वहिनी घरी करायची. सकाळचे कधी करणार, पाचला तर ती घर सोडते. म्हणून भाजी शाळेत पोचली की अकरा वाजता शेडच्या पायरीवर बसायची. पाय उलट्या टोपावर, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर भिंतीला तो कागद चिकटवलेला. दोन महिन्यांत पाय काही नवे झाले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण जखम भरत आली, आणि देवळाचा चढ ती मध्ये न थांबता चढली. मीच मागे राहिले.

आणि मग आमच्या गटाच्या अध्यक्ष सुविधाबायने तो कागद वाचला. कसा वाचला ते देव जाणे. 'दम वाढवण्याचा'चं तिने केलं 'दमा वाढला'. एक काना कुठून पैदा केला बाईने. बरं, वहिनीला तोंडावर विचारावं की नाही? छे. सरळ पालकांच्या ग्रुपवर टाकलं की स्वयंपाकाच्या बाईला दमा आहे, गट योग्य ती काळजी घेत आहे. काळजी काय घेतली, तर वहिनीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको, मुलांचा प्रश्न आहे."

आणि समजा, असता दमा. तर? दमा काय उडून भाजीत पडतो? आमच्या वाड्यावर दम्याची माणसं आहेत, त्यांच्या हातचं आम्ही सगळे जेवतो, अजून जिवंत आहोत.

वहिनी रडली नाही. तीन दिवस मला तेवढंच विचारत होती, "आज भाजी कोणी केली गो? मीठ बरोबर पडलं?" ते ऐकून माझं डोकं आणखी फिरायचं.

चौथ्या दिवशी मी भांडून शेडमध्येच गटाची बैठक लावली आणि वहिनीला घेऊन गेले. तिथूनच सेजलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हिला दमा नाही, व्यायाम पायांच्या दुखण्यासाठी आहे. सुविधाबायचं तोंड एवढंसं झालं. तरी म्हणते कशी, "बरं, ये कामाला. पण ते नळीचं घरी कर. लोकांना बरं दिसत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीच बोलली. चौदा वर्षांत बैठकीत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"उभी राहून पाय कुजले, ते कोणाक दिसलं नाय. धा मिनटं बसून दम घेतला, तो दिसला?" मग वाकून तिने साडी वीतभर वर केली. काळी कातडी, जखमेवरची पट्टी. "मी अकरा वाजता हंयच, ह्या पायरीवर बसणार. चालत नसेल तर दुसरी बाई बघा."

मग भांडी घासणारी लक्ष्मी उठली आणि तिने आपली साडी वर केली. पोटरीभर निळ्या गाठी. तिच्यामागून पाव वाटणारी सिद्धी, तिची सुरुवात होती. मी आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं एका शेडमध्ये काढली आणि मला हे ठाऊक नव्हतं, याचा मला आजही स्वतःवरच संताप येतो.

सुविधाबाय जागची हलली नाही. अध्यक्ष होण्याआधी दहा वर्षं तीही त्याच चुलीशी उभी राहिली होती. शेवटी तिने निऱ्या जराशा उचलल्या आणि सुजलेला घोटा दाखवला. माफी नाही, काही नाही. हळूच म्हणाली, "ती नळी किती वेळा ओढायची गो?"

वहिनीच्या जागी मी असते तर एक अक्षर सांगितलं नसतं.

वहिनी म्हणाली, "आधी डॉक्टराक पाय दाखव. नळी सगळ्यांक देत नाय. उद्या चल, मी येतंय तुझ्याबरोबर."