काळ्या वाळूतलं ग म भ न

बालवाडीच्या खिडकीतून मी आत डोकावले तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा डावा हात रुमालानं पाठीमागे बांधलेला होता आणि ती उजव्या हातानं पाटीवर रेघा ओढत होती. रडत नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला. मी आत गेले, गाठ सोडली, रुमाल बाईंच्या टेबलावर ठेवला आणि मुलीला घेऊन बाहेर पडले. बाई मागून म्हणाल्या, "अहो, चांगली सवय लागावी म्हणून बांधला." मी म्हटलं, "असली सवय तुमच्याकडेच राहू दे."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुलांना घरी शिकवणं या गोष्टीला तेव्हा रत्नागिरीत नावसुद्धा नव्हतं. शाळेत न जाणाऱ्या मुलाला लोक उनाड म्हणत आणि त्याच्या आईला त्याहून वाईट काहीतरी.

त्यात आमचं घर ख्रिस्ती. नवऱ्याच्या पणजीला मिशनच्या शाळेनं हाताला धरून अक्षर दिलं, आणि तिथून पुढे घरात शिक्षकच शिक्षक. सासूबाईसुद्धा आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे एखाद्यानं रविवारची उपासना चुकवली तर देव क्षमा करायचा. शाळा चुकवली तर सासूबाई नाही.

"आम्हीही बांधायचो," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात डाव्या हाताची खोड मोडते."

"हिचा नाही बांधायचा. आता ही घरीच शिकेल."

"शिकवणार कोण?"

"मी."

"तू? तुझी मॅट्रिक दोनदा झाली."

ते खरं होतं, पण मी गणितात नापास झाले होते, अकलेत नव्हे. आमचे हे बंदर खात्यात कारकून. आई आणि बायको यांच्यामध्ये आपलं ताट आहे हे त्यांनी ओळखलं आणि ते मुकाट जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर काळी वाळू आणली, धुतली, वाळवली आणि स्टीलच्या परातीत पसरली. बोट फिरवलं की खालचं स्टील चमकायचं आणि अक्षर उजळून यायचं. मुलगी डाव्या बोटानं गिरवायची. धाकटा साडेतीन वर्षांचा, तो उजव्यानंही गिरवायचा, डाव्यानंही, आणि कुणाचं लक्ष नसलं की वाळू खायचा. चिंचोके मांडून दहापर्यंत मोजायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी प्रार्थना. एवढीच आमची शाळा.

दारावर येणारी मासेवाली रोज डोकावायची. "अगो बाय, पोर शालंत नाय जात, मग करनार काय? मासं इकनार माज्यासारी?"

"विकेल की," मी म्हणायची. "पण पाटीवर भाव लिहून विकेल."

"मग माजं गिऱ्हाईक पलवील गो ती!" असं म्हणून ती हसायची आणि एक बांगडा जास्त टाकायची. शेजारच्या बायका मात्र हसायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मीही मग नजरेला नजर देऊन बघायची.

वाचायला काय द्यायचं हा प्रश्न होता. घरात मोठ्या अक्षरांचं एकच पुस्तक, सासूबाईंचं स्तोत्रांचं. तेच घेतलं. मुलीचं बोट ओळीवरून फिरे आणि बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र ती घडाघडा वाची. महिन्याभरात! मला आकाश ठेंगणं झालं. मुद्दाम दार उघडं ठेवून वाचायला बसवायची, म्हणजे शेजारी ऐकू जावं.

मुलगी शाळेत जात नाही ही गोष्ट आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ते घरी आले, आमच्या रीतीनं सलाम केला, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, शाळेनं आपल्या लोकांना माणसात आणलं. आपणच शाळेला पाठ दाखवायची?"

"शाळेला नाही, रुमालाला," मी म्हटलं.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. संडेस्कूलच्या वार्षिक कार्यक्रमात मुलीनं सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं. वाचलं तर घरी राहील. नाही वाचलं तर सोमवारी बालवाडीत, आणि हात बांधायचा की नाही ते बाई ठरवतील. मी ताबडतोब हो म्हटलं. इतकी खात्री होती मला.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. पुस्तक जड, म्हणून मी मुलीशेजारी उभी राहून ते धरलं. तिनं डावं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. स्वच्छ, खणखणीत. अर्ध्यावर आली आणि खिडकीतून खाऱ्या वाऱ्याचा झोत आला, पान उलटलं. समोर दुसरंच स्तोत्र. तिचं बोट तसंच फिरत राहिलं आणि तोंडातून मेंढपाळाचंच स्तोत्र येत राहिलं, शेवटच्या आमेनपर्यंत.

तेव्हा कुठे मला कळलं. पोरीला पाळण्यात असल्यापासून रोज संध्याकाळी जे कानावर पडलं होतं तेच मी तिच्यापुढे ठेवलं आणि वाचता येतं म्हणून नाचले. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. इतकं तोंडपाठ दुसऱ्या कुठल्या घरात होतं?

लोक टाळ्या वाजवत होते. पाळकसाहेब पुढे येऊन म्हणाले, "प्रभूची कृपा! लेकरू खरंच वाचतं."

पान उलटलेलं फक्त मला दिसलं होतं. पुस्तक मिटलं असतं तर मी जिंकले असते. मुलगी वर तोंड करून माझ्याकडे बघत होती, आणि खोटं बोलायला तिला शिकवायचं तर घरी कशाला, ते कुठेही शिकता येतं.

"नाही, पाळकसाहेब," मी म्हटलं. "तिला हे पाठ आहे. वाचता येत नाही अजून."

टाळ्या थांबल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. "मग आता घाला शाळेत!"

"नाही घालणार," मी म्हटलं. आवाज चढला होता, देवळात चढवू नये तेवढा. "चूक माझी आहे. ती मी दुरुस्त करेन. तिचा हात बांधून ती दुरुस्त होणार नाही."

घरी येताना सासूबाई पुढे चालत होत्या. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. पायरीवर चपला काढताना त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं. वाचणारं मूल कुठेतरी अडखळतं. ती कुठेच अडखळली नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी चपला नीट लावल्या. "माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अशीच वाचायची. तपासणीला साहेब आले की मी त्यांनाच उभं करायची. मी कधी उठून सांगितलं नाही." मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात, "नाताळपर्यंत मुदत देते. न ऐकलेलं काहीतरी तिनं वाचायला हवं. नाहीतर शाळा."

मी स्तोत्रांचं पुस्तक कपाटात ठेवलं. प्रार्थनेला ऐकायचं, शिकायला नाही. पुन्हा परात, पुन्हा वाळू, पहिल्यापासून क, ख, ग. तिसऱ्या दिवशी सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून करवादल्या, "अगं, क कसला काढतेस! पोराला आधी सोपं दे. ग, म, भ, न." मला राग आला आणि मी ग, म, भ, न घेतलं. दोन्ही केलं. त्यांचं बरोबर होतं आणि ते मला आवडलं नाही. गमन, नभ, मग आकार, मग ईकार. मुलगी आता फार अडखळायची. आधी घडाघडा म्हणणारी पोर एका शब्दाला घाम गाळायची, आणि मला वाटायचं, मी हिचं वाटोळं तर करत नाही ना? बाहेर मात्र मी मान ताठ ठेवून चालायची. ताठ मानेचा आतल्या भीतीशी काही संबंध नसतो, हे त्या दिवसांत कळलं.

डिसेंबरात सासूबाई लांज्याला माझ्या नणंदेकडे निघाल्या. मी आणि दोन्ही मुलं त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. नाताळ आठवड्यावर आला होता आणि मुदतीची गोष्ट कुणी काढत नव्हतं. एक लाल गाडी लागलेली दिसली. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पाटी त्यांना दिसेना, पण गर्दी चढते आहे म्हणून त्याही चढायला लागल्या. माझ्या कडेवर धाकटा रडत होता, मी पाटीकडे पाहिलंच नव्हतं.

"आजी, थांब!" मुलगी ओरडली. डावं बोट वर करून ती गाडीच्या कपाळाकडे बघत होती. ओठ हलत होते. "पा... पा... ल... ली. पाली."

मी मान वर केली. गाडी पालीपर्यंतच होती. लांजा त्याच्या पुढे. सासूबाई पालीच्या बाजारात बॅग घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

त्या पायरीवरून खाली उतरल्या. "कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं. आवाज तपासणीच्या साहेबासारखा.

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. "तिथे लिहिलंय."

मी कडेवरच्या धाकट्याचं नाक पुसलं. बोलायला गेले असते तर भर स्टँडवर रडले असते, आणि ते सुख मी रत्नागिरीला देणार नव्हते.

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. ज्या हातांनी त्यांनी कितीतरी पोरांचे डावे हात बांधले होते, त्याच हातांनी त्यांनी माझ्या मुलीचा डावा हात धरला आणि पलीकडच्या गाडीकडे वळवला.

"आता ती वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश. गाडी चुकली तर चुकू दे."