चुलीवरच्या मांसावर पहारा

लिबेमोने एकतीस वर्षं जंगलखात्याच्या नाक्यावर आडवा बांबू वरखाली केला. दोयांग नदीकडच्या रस्त्याने येणारा ट्रक थांबवायचा, हातातली लोखंडी सळई कोबीच्या पोत्यांत खुपसायची आणि आत लपवलेलं लाकूड टणक लागलं की ड्रायव्हरकडे बघून नुसतं हसायचं, हे त्याचं काम. साल पाहून तो लाकडाची जात सांगायचा, तोडून किती दिवस झाले तेही सांगायचा. निवृत्त झाला तेव्हा सळई घरी आली आणि तिच्याबरोबर संशयही. बायको एरेनी म्हणायची, हा माणूस माझ्या हातचा चहासुद्धा सळई खुपसून पाहील. पण त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं, कारण स्वयंपाकघर पुरतं तिच्या ताब्यात होतं. चुलीच्या वर छताला टांगलेल्या बांबूच्या मचाणावर कुठलं मांस आहे, किती दिवसांचं, कुठल्या धुरावरचं, हे तिचं तिला ठाऊक. लिबेमोने जन्मभर त्या मचाणाकडे पाहिलं ते फक्त आज ताटात काय येणार एवढं कळावं म्हणून.

ऑगस्टमध्ये एरेनी गेली. तिच्या हातचे शेवटचे तुकडे सप्टेंबरात संपले आणि चूल विझली. मुलगी चिचानो दिमापूरला नर्स आहे. ऑक्टोबरात ती दोन दिवस आली, मचाण रिकामं पाहिलं, बिस्किटांचे पुडे पाहिले आणि सरळ बोलली. ख्रिसमसला येईन तेव्हा मचाणावर मांस आणि चुलीत विस्तव दिसला तर तुम्ही इथेच राहा, नाही दिसला तर नव्या वर्षात माझ्याबरोबर चला. लिबेमोने दिमापूरचं तिचं घर पाहिलं होतं. दुसरा मजला, दोन खोल्या, गॅस, खिडकीला जाळी. इथे ओळखीच्या माणसांवर संशय घ्यायलाच त्याला दिवस पुरत नव्हता, तिथे तर सगळेच अनोळखी. शिवाय एरेनीला संत्र्याच्या झाडांखाली पुरलेलं होतं. तिला तिथे सोडून जायला तो तयार नव्हता.

नोव्हेंबरात तोखू एमोंगचा सण आला. सुगी संपलेली, घरोघरी डुकरं कापलेली, मित्र मित्राकडे मांस पाठवतात ते दिवस. लिबेमोकडे दोन घरांतून आलं. त्याचे त्याने नऊ लांब तुकडे केले, मीठ चोळलं आणि बांबूच्या पट्ट्या ओवायला अंगणात बसला. कुंपणापलीकडे यानबेनी होती, त्याच्या मेलेल्या चुलतभावाची बायको. तिने विचारलं, भावजी, लाकूड कुठलं घालणार?

"एकतीस वर्षं लाकूड ओळखतोय मी," लिबेमो म्हणाला. "तू तुझी चूल बघ. माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचं पाऊल नको."

हे त्याने असं म्हटलं की खालच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. यानबेनी टोपली उचलून आत गेली.

लाकूड तो खरंच ओळखत होता, पण सालीवरून. धुरावरून ओळखायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याने साधा हिशेब केला. मांसाला धूर हवा, सगळ्यांत दाट आणि काळा धूर पाइनचा, तेव्हा पाइन. एरेनीने घरामागे ओकचे ओंडके रचून ठेवले होते, त्यांना त्याने हात लावला नाही. चांगलं लाकूड आहे, पुढे कामाला येईल, असं त्याला वाटलं. राळ भरलेल्या पाइनच्या ढलप्या भडाभडा पेटल्या, स्वयंपाकघर काळवंडलं, लिबेमोचे डोळे चुरचुरू लागले आणि काम फत्ते होतंय अशी त्याची खात्री पटली.

तिसऱ्या दिवशी त्याला शंका आली. तुकडे लहान दिसत होते. मोजले तर नऊच्या नऊ. मग त्याने सुतळी घेतली, एका तुकड्याची लांबी-रुंदी मापून गाठी मारल्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा मापलं. लांबीत दोन बोटं कमी. आता त्याला सगळा डाव दिसला. अख्खा तुकडा नेला तर मोजणीत सापडतो, म्हणून चोर प्रत्येकातून थोडं थोडं कापत होता. असली लबाडी त्याने नाक्यावर भरपूर पाहिली होती. त्याला रागही आला आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं, कारण कितीतरी महिन्यांनी हाताला ओळखीचं काम लागलं होतं.

रविवारी तो चर्चला गेला. दोन तासांनी परतला तेव्हा चुलीत पाइनची राख असायला हवी होती. त्याऐवजी एक जाडजूड ओंडका शांतपणे धुमसत होता. ओकचा. घरामागच्या रचलेल्या लाकडांतलाच. शिवाय भिंतीकडचा तुकडा मधोमध आला होता आणि मधला भिंतीकडे गेला होता. म्हणजे चोर त्याचंच लाकूड जाळून त्याचंच मांस पळवत होता. चोर चूल कशाला सांभाळेल, असा प्रश्न त्याला पडला, नाही असं नाही. पण उत्तरही लगेच सापडलं. उरलेलं मांस नीट मुरावं आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सगळंच उचलता यावं, ही चोराची सोय.

पुढच्या रविवारी घरातून निघताना त्याने उंबऱ्याच्या आत बारीक राख पसरली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि बायकांच्या बाजूला कोण नाही ते पाहू लागला. दुसरं गाणं सुरू असताना यानबेनी आली. शालीचा काठ राखेने पांढरा. प्रार्थना संपल्यावर लिबेमो थेट घरी गेला. राखेत अनवाणी पाऊल उमटलं होतं, लहानसं, डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला. तरुणपणी भात कांडताना यानबेनीच्या अंगठ्यावर मुसळ पडलं होतं, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तो तडक गावबुढ्याकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे गेला. लाल शाल पांघरून म्हातारा उन्हात बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यानबेनीच्या मचाणावर अख्खं डुक्कर टांगलंय, ती तुझे नऊ तुकडे कशाला चोरेल? लिबेमोने सांगितलं की नाक्यावर रिकामे ट्रक कधी चोरीचे निघाले नाहीत, निघाले ते भरलेलेच. गावबुढ्याने मान हलवली. रंगेहाथ पकड आणि मग ये, म्हणाला.

तिसऱ्या रविवारी लिबेमोने खोकल्याचं निमित्त केलं. चर्चची घंटा झाली, आळी रिकामी झाली. भाताच्या मोठ्या टोपल्यांमागे तो सळई घेऊन उकिडवा बसला. थोड्या वेळाने यानबेनी आली. तिने आधी पाइनच्या जळत्या ढलप्या बाहेर ओढून पाण्याच्या बादलीत विझवल्या. मग ओंडका सरकवला, राख सारखी केली, तिवईवर चढली आणि एकेक तुकडा फिरवू लागली. बांबूच्या कामटीने वरचा काळा थर खरवडून काढत होती. लिबेमो सुरीची वाट पाहत होता. गुडघे दुखायला लागले, पायाला मुंग्या आल्या, तरी सुरी काही निघाली नाही. शेवटी त्यालाच राहवेना.

"हात खाली," तो टोपल्यांमागून उठत म्हणाला, ड्रायव्हरला सांगायचा तसं.

यानबेनीने वळूनही पाहिलं नाही. "खाली घेतले तर तुकडा चुलीत पडेल," ती म्हणाली.

लिबेमोने खिशातून गाठींची सुतळी काढली आणि पुरावा म्हणून तिच्यापुढे धरली. किती होतं, किती राहिलं, सगळं सांगितलं. तिने आधी सुतळीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"भावजी, मांस वाळलं की आटतं. इतकी वर्षं खाल्लंत, एकदाही टांगलेलं बघितलं नाहीत?"

त्याने खरंच बघितलं नव्हतं. मग चोरून कशाला येत होतीस, असं त्याने विचारलं, पण आवाज उतरला होता. ती तिवईवरून खाली आली. तिने सांगितलं की त्याच्या पाइनचा धूर भिंतीच्या फटींतून सरळ तिच्या घरात येत होता आणि तिच्या मचाणावरचं मांस कडू व्हायला लागलं होतं. तोंडावर सांगितलं असतं तर त्याने पुन्हा आळीभर ऐकवलं असतं. म्हणून सगळे चर्चला गेले की यायचं तिने ठरवलं. मग तिने खरवडलेला काळा थर कामटीवर घेऊन त्याच्यापुढे धरला. त्याने जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. मलेरियाच्या गोळीपेक्षा कडू होता.

"मला चोर म्हणालात गावबुढ्यापुढे, ते आलंय माझ्या कानावर," ती म्हणाली. "उरलेले दिवस तुमचे तुम्ही बघा. ओकच घाला. जाळ नको, नुसती धग ठेवा."

तिने तिवई जागेवर ठेवली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. लिबेमोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वेळा तो कुंपणापर्यंत गेला आणि तिथल्या मोडक्या बांबूला दोरी बांधायला आल्यासारखं करून परतला. घरात मात्र त्याने धग मोडू दिली नाही. ओक घातला, जाळ दाबला, तुकडे फिरवले. सुतळीने मापणं चालूच होतं. आता संशय घ्यायला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे तो स्वतः, आणि त्याच्यावर लिबेमोचा काडीचा विश्वास नव्हता.

तेवीस डिसेंबरला चिचानो आली. दारातच तिने मान वर करून मचाण पाहिलं, चूल पाहिली. एक तुकडा उतरवून गरम पाण्याने धुतला, बांबूचे कोंब आणि मिरच्या घालून शिजत टाकला आणि कुंपणावरून यानबेनीला जेवायला हाक मारली. यानबेनी आता मुलीसमोर सगळं बोलणार, आणि बोलावंच तिने, असं लिबेमोला वाटलं. पण यानबेनी चुलीजवळ बसली, रस्सा मागून घेतला, यंदा संत्री आंबट निघाली म्हणाली. बहुतेक जेवण होण्याची वाट बघतेय, असं लिबेमोने ठरवलं. तो नुसताच भात कालवत राहिला.

चिचानोने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. तिचे डोळे भरले होते.

"आपो, आईसारखं झालंय," ती वडिलांना म्हणाली. "एकट्याने केलंत?"

हो म्हणायचा अवकाश होता, दिमापूर कायमचं टळलं असतं. यानबेनी मान खाली घालून हाड चोखत होती. ती बोलणार नव्हती, हे लिबेमोला तेव्हा कळलं, आणि त्यामुळेच त्याला हो म्हणता येईना.

"नाही," तो म्हणाला. "मी तर वाट लावत होतो. हिने गुपचूप येऊन सावरलं, आणि मी हिला चोर ठरवलं. गावबुढ्याला जाऊन सांगितलं." मग त्याने ताट बाजूला सरकवलं. "माझे कपडे फारसे नाहीत. एका पिशवीत मावतील."

चिचानोने ते ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्हाला मांस धुरवता येत नाही, याची काळजी नव्हती मला," ती म्हणाली. "तुम्ही इथे पडलात तर तीन दिवस तुमच्या दारात कुणी पाऊल टाकणार नाही, याची होती. एकट्याने केलं असतंत तर उद्याच नेलं असतं तुम्हाला."

लिबेमोला पटकन काही उमजलं नाही. उमजलं तेव्हा तो धुराचं निमित्त करून डोळे पुसू लागला. चिचानोने यानबेनीला विचारलं, काकी, येशील ना अधूनमधून?

"ती सळई कोपऱ्यातून गेली तर येईन," यानबेनी म्हणाली.

लिबेमो उठला. कोपऱ्यातली सळई उचलून त्याने मचाणाच्या दोन बांबूंवर आडवी ठेवली आणि कडेला खाली लोंबणारे दोन तुकडे तिच्यावर नीट टांगले. यानबेनीने हात पुसले, उभी राहिली आणि सळई घट्ट बसली आहे की नाही, ते दोनदा हलवून पाहिलं.