थांबून राहिली

पुण्यातल्या मास्तरांनी भरलेले गणिताचे मार्क तीनतीनदा पुसले गेले. दोष ना मास्तरांचा होता, ना गणिताचा. दोष होता जबलपूरच्या अनुपम ठोसरचा, आणि तोही त्याच्या आईच्या बोलीतला.

जबलपुरातल्या विजय नगरात नळ-फरशीच्या दुकानाच्या वर अंबरीश भैयाची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे चार खुर्च्या, एक कूलर आणि भैयाचा आवाज. तिथे त्यांनी 'पहारा' नावाचं एक साधन बनवलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात कोणतं काम, म्हणजे कोणती प्रोसेस, चालू आहे, कोणतं अडलंय, कोणतं मेलंय हे ते दाखवायचं. पूर्वी हे एखादा माणूस बघत बसायचा. आता बघायचे ते एआय एजंट, म्हणजे स्वतःच्या अकलेने कामं उरकणारे प्रोग्राम. त्यांना समोर बसवून शिकवता येत नाही, ते माहितीपुस्तिका वाचतात आणि ब्रह्मवाक्य मानून तसंच वागतात. ही पुस्तिका लिहायचं काम अनुपमकडे आलं, कारण गिऱ्हाईक म्हणजे शाळांचे मार्क सांभाळणारी पुण्याची कंपनी होती, पुस्तिका मराठीत हवी होती, आणि ऑफिसात भैया सोडले तर आडनावाने मराठी असा तो एकटाच होता.

वास्तविक अनुपमची शाळा जबलपूरजवळच्या कुंडमची, हिंदीतली. मराठी तो शिकला ती स्वयंपाकघरात, भूक लागलेली असताना. त्याने मन लावून लिहिलं: 'प्रोसेस चालून राहिली, थांबून राहिली किंवा बंद पडली, अशा तीन अवस्था असतात. बंद पडली तर पुन्हा सुरू करावी.'

ठोसरांच्या घरात 'बाबा खाली थांबून राहिले' म्हणजे बाबा स्कूटर घेऊन वाट बघतायत, लवकर चपला घाल. एजंट मात्र पुण्याकडची मराठी वाचून मोठा झालेला. त्याने अर्थ लावला की थांबली ती थांबलीच, गेली बिचारी. मास्तर मार्क भरतील म्हणून निमूट वाट बघत बसलेली प्रोसेस त्याने मेली समजून पुन्हा सुरू केली. अर्धवट भरलेले मार्क उडाले. मास्तरांनी पुन्हा भरले, त्याने पुन्हा उडवले.

पुण्याच्या कंपनीतून विनता पेंडसेचा फोन आला. त्यांच्याकडच्या पुस्तिका ती तपासायची.

"'थांबून राहिली' म्हणजे थांबली ना?"

"नाही हो दीदी. थांबून राहिली म्हणजे थांबून राहिली."

"म्हणजे वाट बघते आहे?"

"तेच तर सांगून राहिलो."

विनता इतकी हसली की अनुपमला निम्मं माफ झाल्यासारखं वाटलं. वर तिने आपला वेळ खर्चून अख्खी पुस्तिका सुधारून दिली. बदल्यात अनुपमने खोव्याची जलेबी कबूल केली. ती कुरिअरने जात नाही, पाकात गळून जाते. हातानेच आणीन म्हणाला. आणणं कठीणही नव्हतं, कारण विनताच्याच कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. अट एवढीच की महिनाअखेरीला जुन्या नोकरीतून सुटल्याचं पत्र घेऊन हजर व्हायचं. या एका पत्रावर अनुपमचा जीव टांगलेला होता. विजय नगरातून एकदा बाहेर पडायचं, बस्स.

पत्राचा विषय काढल्यावर अंबरीश भैयाने आधी सांगितलं, पुस्तिका नीट होऊ दे. ती झाली. मग म्हणाले, एजंटला वाचवून बघ. एजंट शहाण्यासारखा वागला. मग जबलपूरच्याच रिछाई औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना उगवला, त्याला हीच पुस्तिका हिंदीत पाहिजे होती. भैया रागवत नसत, हीच पंचाईत होती. रागवले असते तर भांडता आलं असतं. ते चहा मागवत, खांद्यावर हात ठेवत आणि पुढचं काम देत. घरी बाबांचं मत पडलं की अंबरीश आपल्यातला मुलगा आहे, त्याला अडचणीत टाकून जाऊ नये. आपल्यातल्याच मुलाने आपल्या मुलाला अडकवलंय, हे त्यांना दिसलं नाही.

हिंदी पुस्तिकेत अनुपम एका चमत्कारिक अवस्थेपाशी आला. काही प्रोसेस दुसऱ्या कशाची तरी वाट बघताना अशा अडकतात की चालत नाहीत आणि हुकूम देऊनही मरत नाहीत. जिच्यासाठी अडल्या ती गोष्ट मिळेपर्यंत उपाय नाही. खाली उदाहरणासाठी जागा होती. अनुपमने तिथे आपलं नाव लिहिलं, थोडा वेळ बघितलं आणि खोडलं. एजंटने खरं मानलं असतं.

शेवटी त्याने भैयाला सरळच विचारलं, मला पत्र केव्हा देता?

"अरे, सोडूनच तर राहिलो तुला," भैया म्हणाले. "काहून घाई करून राहिला?"

अनुपमला हायसं वाटलं. संध्याकाळी विनताने विचारलं तेव्हा त्याने तेच सांगितलं, "भैया सोडून राहिले."

महिना संपला. पत्र आलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी विनताचा फोन आला, आवाज उतरलेला. तिच्या साहेबांनी त्याची वाट बघितली होती, टेबलही मांडून ठेवलं होतं. तो आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली.

"तुम्हीच म्हणालात ना, त्यांनी सोडलं?"

"मी म्हणालो, सोडून राहिले."

या वेळी विनता हसली नाही.

"म्हणजे अजून सोडतायत?"

"हो."

"कधीपर्यंत?"

अनुपमने पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. भैया फोनवर कुणाला तरी सांगत होते की हो जी, आमचा मुलगा लिहून राहिला. त्या क्रियापदाला सुरुवात होती. शेवट त्याला लहानपणापासून कुणी शिकवलाच नव्हता.

विनताने विषय बदलावा तसं विचारलं, "आणि माझी जलेबी?"

"आणून राहिलो, दीदी," अनुपम म्हणाला.