इंग्रजीची फाईल

पेपरातल्या इंग्रजी शब्दांवर लाल पेन्सिलीने गोल करत ते विचारायचे, "हे अक्षर इथे काय काम करतं, सांगा?" उच्चारात नसलेलं अक्षर सापडलं की चेहरा खुलायचा. "बघा! हजेरी लावली आणि कॅन्टीनला गेलं!" हौशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, पण अक्षरांना कामाला लावू पाहणारे सेक्शन ऑफिसर मी हे एकटेच पाहिले.

राजधानीत, सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत त्यांचं क्वार्टर आमच्या बरोबर वर होतं. इंग्रजीत नात्यांचा दुष्काळ, म्हणून ते हळहळायचे. "काका अंकल, मामा अंकल, समोरचे सरदारजीही अंकल! आपल्यातले चार शब्द देऊन टाकू यार, आपल्याकडे ढीग पडलाय." आम्ही हसायचो. तेही हसायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी बोर्डाला इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. गणितात हुशार पोर, पण इंग्रजी लिहायला बसली की रडकुंडीला यायची. दुसऱ्या बापाने शिकवणी लावली असती. यांनी इंग्रजीलाच वळण लावायचं ठरवलं. "चूक पोरीची नाही, भाषेची आहे," म्हणत त्यांनी स्पेलिंग सुधारण्याचा प्रस्ताव टाईप करून घेतला आणि सरकारी माणूस म्हणून रीतसर वरच्या साहेबांमार्फत पाठवला. आमचं खातं धान्याच्या गोदामांचं. तिथून इंग्रजी कशी सुधारणार होती, देव जाणे.

फाईल परत आली. साहेबांनी समासात लिहिलं होतं, 'प्लीज डिस्कस.' येऊन चर्चा करा.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनीच मला शिकवलं होतं, की असा शेरा आला की फाईल मेली समजायची. ना कुणी बोलावतं, ना कुणी जातं. स्वतःच्या फाईलवर मात्र त्यांना तो शेरा खरा वाटला. रोज जेवणानंतर फाईल काखेत मारून ते साहेबांच्या दाराशी जाऊन बसत.

"काय म्हणाले?" मी विचारायचो.

"बोले, देखेंगे. बिझी आहेत हो. पण लिहिलंय ना त्यांनी!"

त्यांना काय सांगणार? जे सांगायचं ते त्यांनीच तर मला शिकवलं होतं. मुलगी तिसऱ्यांदाही राहिली आणि मग तिने पुस्तकं रद्दीत घातली. ते गठ्ठे मीच खाली उतरवले होते.

त्यांच्या निरोपसमारंभाला समोसे होते, हार होता, बायको आणि मुलगी पुढच्या रांगेत होत्या. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. उत्तराला ते फाईल घेऊनच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, वो डिस्कशन रह गया."

हॉलभर हशा पिकला. साहेबांनीही हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते तसेच उभे राहिले, साहेबांच्या तोंडाकडे बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी उठली. त्यांच्या गळ्यातला हार काढून घेत हळूच म्हणाली, "बाबा, चला ना घरी. मला येतं आता इंग्रजी. बिल्कुल येतं."

"खरं?"

तिने मान डोलावली.

"अच्छा," ते म्हणाले. फाईल त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि तिच्यामागून जिना उतरले.