चार सेलचा फ्लॅश आणि मासळीच्या खोक्याचं झाकण

शेजारच्या काकींच्या थोरल्या मुलीच्या हळदीचे फोटो मीच काढले होते, कॅमेऱ्यातल्याच त्या चिमुकल्या फ्लॅशने. पोरीचं तोंड चुना फासल्यासारखं पांढरंफटक आणि मागे नुसता काळोख. काकींनी एकही फोटो भिंतीवर लावला नाही. ते मला फार झोंबलं.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा मी आपणहून गेले. काकी म्हणाल्या, "काढ. पन या टायमाला माजी पोर माज्या पोरीसारकी दिसू दे."

मग मुंबईला जाऊन वेगळा फ्लॅश घ्यायचं ठरवलं. दुकानदार मोठे दिवे, स्टँड, उजेड पसरवायच्या छत्र्या दाखवत सुटला. आमच्या काशीदच्या वाऱ्यात ती छत्री थेट जंजिऱ्याला पोचली असती. मी एवढंच विचारलं, फ्लॅशची मान सगळीकडे वळते का, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालतो का. सेल आमच्या नाक्यावरच्या टपरीत मिळतात; खास बॅटरी संपली तर काय अलिबागला धावू? तोंड वाकडं करत त्याने सर्वांत साधा फ्लॅश काढून दिला. "उजेड छतावर मारा, चेहरा मऊ येतो," इतकं मात्र बरं सांगितलं.

त्याच्या डोक्यातलं छत पांढरं होतं. आमच्या मांडवावर होती होड्या झाकायची निळी ताडपत्री. उजेड तिच्यावर मारला, तर पहिल्याच फोटोत नवरी निळी, करवल्या निळ्या आणि हळद चक्क हिरवी. काकींनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "ही कोन गो?"

ताडपत्री काढता येत नव्हती, आणि जवळपास पांढरी भिंतही नव्हती. मांडवाच्या कडेला मासळीची थर्माकोलची खोकी रचलेली होती, तेवढीच काय ती पांढरी. एकाचं झाकण उचलून मी काकींच्या हातात दिलं, त्यांना नवरीच्या बाजूला उभं केलं आणि फ्लॅशची मान झाकणाकडे वळवली.

स्क्रीनवर पोर उमटली. सावळी, हळदीने तुकतुकीत, नाकाजवळच्या कांजिण्यांच्या वणासकट. आनंदाने मला तिथेच नाचावंसं वाटलं. काकींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "व्हय, ही माजी," म्हणाल्या. पुढे हळद संपेपर्यंत त्यांनी ते झाकण कुणाच्या हाती दिलं नाही. करवल्या बोंबलाच्या वासाने नाक मुरडत हसत होत्या, आणि ते हसूही फोटोत झकास आलं.

लग्नानंतर चार दिवसांनी तिन्हीसांजेला थोरली माझ्या दारात आली. अंगावर तिच्या हळदीची पिवळी साडी, कडेवर लेक.

"आता माजा काढ गो."

फ्लॅशमध्ये नवे सेल घालून मी बाहेर आले, तर काकी अंगणात झाकण धरून आधीच उभ्या होत्या.