नळाचं फडकं

डायलिसिसच्या खोलीत आईच्या हातातून निघालेली नळी यंत्रात जाते आणि दुसऱ्या नळीतून तेच रक्त साफ होऊन परत तिच्या हातात येतं. शेजारच्या स्टुलावर बसून ते बघताना मला आमच्या जुन्या घरचा नळ आठवतो. आई त्याच्या तोंडाला बाबांच्या जुन्या धोतराचं दुपदरी फडकं बांधायची. हंडे भरून झाले की ते सोडायची आणि त्यातला गाळ आम्हा भावंडांना दाखवायची. "बघा, हे तुमच्या पोटात गेलं असतं!" मग फडकं खळबळून दोरीवर वाळत घालायची.

तिच्या कमरेपाशीही अशीच दोन फडकी होती, मुठीएवढी. रक्त गाळायची, अंगात पाणी किती ठेवायचं आणि किती बाहेर टाकायचं ते ठरवायची. ती कधी धुवावी लागली नाहीत, वाळत घालावी लागली नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षातही आली नाहीत. आता ती थकलीत. जास्तीचं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात. येईल-जाईल त्याच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवणारी माझी आई आता स्वतःचं पाणी वाटीने मोजून पिते.

आज मी उन्हातून आले, तर पडल्यापडल्याच म्हणाली, "आधी पाणी पी."

मी पिशवीतून बाटली काढली आणि तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

"इकडे तोंड करून पी गं," आई म्हणाली. "बघून तरी गार वाटू दे."